हँडल गेले, बोल्ट राहिला

खंडेनवमीला आमच्या बेळगावात उद्यमबागेतल्या लेथ यंत्रांना झेंडूच्या माळा चढतात आणि गॅरेजमधली हत्यारे धुऊन-पुसून पाटावर मांडली जातात. पाने, गोटीचा सेट, टॉमी, छन्नी, घण अशा सगळ्यांना हळदकुंकू लागते. या मानकऱ्यांत एक साधा, हात-दीड हात लांबीचा लोखंडी पाईपही असतो. तो कुठल्या दुकानात हत्यार म्हणून मिळत नाही. नळाच्या कामातून उरलेला तुकडा मिस्त्रीने बाजूला काढून ठेवलेला असतो. पाना पुरेना झाला की त्याच्या दांड्यावर हा पाईप चढवायचा आणि जोर लावायचा. ज्या बोल्टसाठी त्याची सर्वांत जास्त गरज पडते, तो मोटारीच्या क्रँकशाफ्टच्या टोकावरचा पुलीचा बोल्ट. इंजिनातला सर्वांत हट्टी बोल्ट अशी त्याची ख्याती आहे.

हा हट्टीपणा आला कुठून, याचा शोध घेतला तर मोटारीचा सव्वाशे वर्षांचा इतिहास हाताला लागतो. ज्या गावात क्रँकशाफ्ट घडतात त्या गावाने तरी तो माहीत करून घ्यायला हवा, म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी आम्ही हा विषय निवडला.

आधी हा बोल्ट असतो कुठे, ते पाहू. इंजिनात इंधनाचा भडका उडाला की दट्ट्या, म्हणजे पिस्टन, खाली ढकलला जातो. या वर-खाली हालचालीचे गोल फिरणे करतो तो क्रँकशाफ्ट. त्याच्या एका टोकाला जड फ्लायव्हील असते आणि तिथून शक्ती चाकांकडे जाते. दुसरे टोक इंजिनाच्या पुढच्या बाजूने थोडेसे बाहेर डोकावते. त्याला मिस्त्री ‘नाक’ म्हणतात. या नाकावर पुली बसते, पुलीवरचा पट्टा डायनॅमो किंवा अल्टरनेटर, पाण्याचा पंप वगैरे फिरवतो आणि पुली जागच्या जागी धरून ठेवतो तो हा बोल्ट. टायमिंगचा पट्टा किंवा साखळी बदलायची असो, पुढचे ऑइल सील गळत असो, या बोल्टला हात घातल्याशिवाय आत जाता येत नाही.

फिरवण्याची ही कल्पना आपल्याला परकी नाही. जात्याचा खुंटा मधोमध नसतो, कडेला असतो. हात पुढे-मागे होतो आणि पाळी गोल फिरते. क्रँकचे तत्त्व ते हेच. विहिरीवरच्या रहाटाची मूठ पाहा, तिथेही तेच. फरक इतकाच की जात्यात आणि रहाटात माणूस यंत्राला फिरवतो, तर इंजिनात भडका क्रँकला फिरवतो. मात्र पहिला भडका उडण्यासाठी क्रँक आधी फिरलेला असावा लागतो, आणि ते पहिले फिरवणे कोणाच्या तरी हाताने व्हावे लागे. आपल्या बोल्टची कथा इथूनच सुरू होते.

जर्मनीत कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी गाडीला मागे एक मोठे आडवे फ्लायव्हील होते. ते हाताने गरकन फिरवून इंजिन चालू करीत. दोन वर्षांनी, १८८८ च्या ऑगस्टमध्ये, त्याची पत्नी बर्था हिने दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत अशाच गाडीने प्रवास केला, तो याच पद्धतीने. योगायोग असा की त्याच १८८८ साली आमच्या बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलचे दुकान काढले होते. पुढे त्यातूनच कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर आला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली.

इंजिन गाडीच्या पुढच्या भागात आले तेव्हा क्रँकशाफ्टचे नाक समोरून हाताशी आले. मग तिथल्या बोल्टला किंवा नटला पुढून तिरके दाते पाडले गेले. बंपरमधल्या भोकातून लांब हँडल आत सारायचे, त्याची आडवी पिन या दात्यांत अडकवायची आणि फिरवायचे. इंजिन चालू होऊन हातापेक्षा वेगाने पळू लागले की दात्यांचा उतार पिनेला आपोआप बाहेर ढकली आणि हँडल सुटून येई. म्हणजे पुली धरून ठेवण्याचे आणि माणसाचा हात इंजिनाशी जोडण्याचे अशी दोन्ही कामे तो एकटा नट करीत होता.

त्यात आणखी एक सोय होती. पुढून पाहिले तर बहुतेक इंजिने घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतात, आणि उजव्या आट्यांचा नट आवळला जातो तोही त्याच दिशेने. त्यामुळे रोज सकाळी हँडल मारताना हाताचा जोर नटला सोडवण्याऐवजी आवळण्याकडेच जाई. वर्षानुवर्षे असे हँडल खाल्लेला नट पुढे खोलायची वेळ आली की का हटून बसे, ते यावरून कळते.

पण हँडलची खरी भीती वेगळीच होती. ठिणगी वेळेआधी पडली आणि दट्ट्या वर पोहोचण्यापूर्वीच भडका उडाला, तर क्रँक उलटा फिरे आणि हँडल मनगटावर आदळे. त्याला हँडलने ‘लाथ मारणे’ म्हणत. मनगटाजवळचे हाड या रीतीने इतक्या लोकांचे मोडले की शस्त्रक्रियेच्या पुस्तकांत त्या मोडण्याला ‘शोफर्स फ्रॅक्चर’, म्हणजे ड्रायव्हरचे हाड मोडणे, असे नावच पडले. म्हणून जाणती माणसे नवशिक्याला आधी तीन गोष्टी शिकवीत. ठिणगीचा वेळ मागे घ्यायचा. हँडल खालून वर ओढायचे, वरून खाली दाबायचे नाही. आणि अंगठा मुठीभोवती गुंडाळायचा नाही, तो बाकी बोटांच्याच बाजूला ठेवायचा, म्हणजे लाथ बसलीच तर हात सुटून येतो.

अमेरिकेत चार्ल्स केटरिंग या अभियंत्याने यावर तोड काढली. दुकानातल्या रोकड मोजण्याच्या यंत्राचा खण विजेच्या मोटरने उघडण्याची युक्ती त्याने आधी केली होती. इंजिन चालू करायला मोटर क्षणभरच लागते, तेव्हा लहान मोटरवर क्षणभर जास्त भार टाकला तरी चालतो, हा त्याचा विचार होता. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत त्याचा सेल्फ-स्टार्टर बसला. फोर्डची प्रसिद्ध मॉडेल टी १९०८ साली निघाली, पण तिला विजेचा स्टार्टर मिळायला १९१९ उजाडले, आणि तोही आधी जास्तीचे पैसे मोजले तरच. गाडी चालवणे ही तगड्या पुरुषांचीच मक्तेदारी राहिली नाही, त्यात या छोट्या मोटरचा वाटा मोठा आहे.

आपल्याकडे मात्र हँडल लगेच गेले नाही. हिंदुस्थान मोटर्सची अँबेसेडर १९५० च्या दशकाच्या अखेरीस रस्त्यावर आली. मूळची ती इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्या पुढच्या बाजूला हँडलसाठी भोक होते आणि डिकीत हँडल असे. थंडीत बॅटरी बसली, घाटात गाडी बंद पडली, की ते बाहेर निघे. गावातून शहरात सकाळची भाडी आणणाऱ्या कित्येक टॅक्सीवाल्यांचा दिवस हँडलनेच सुरू होई. शेतात तर हँडल त्याहून जास्त टिकले. विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला विजेचा स्टार्टर नसे. एका हाताने वरची कळ उचलून आतला दाब मोकळा करायचा, दुसऱ्या हाताने हँडल जोरात फिरवून वेग घ्यायचा आणि कळ सोडून द्यायची. पहिला ठोका पडला की इंजिन धडधडू लागे. सीमाभागातल्या उसाच्या पट्ट्यात हे दृश्य पाहिले नाही असा पन्नाशीपुढचा माणूस विरळाच.

हँडल खरे संपवले ते इंजिनाच्या मांडणीने. १९५९ साली इंग्लंडमध्ये निघालेल्या मिनी गाडीत ॲलेक इसिगोनिसने इंजिन आडवे बसवले. जागा वाचली, पण क्रँकशाफ्टचे नाक समोरून वळून बाजूच्या चाकाकडे गेले. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० मध्येही मांडणी तीच. आता हँडल घालणार कुठून? दाते निरुपयोगी झाले, गळून पडले, आणि उरला तो साधा सहा कोनी डोक्याचा बोल्ट. चाक काढून, मडगार्डच्या आतून, वाकून पाहिल्याशिवाय तो दिसतही नाही. हँडल गेले, पण हट्ट मात्र वाढला. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

क्रँकशाफ्ट आपल्याला भरीव, कणखर दिसतो, पण तो पिळला जातो. प्रत्येक भडक्यासरशी तो किंचित पिळतो आणि उलगडतो, मिनिटाला हजारो वेळा. सहा सिलिंडरच्या लांब क्रँकशाफ्टमध्ये हे पिळणे इतके वाढे की चांगल्या पोलादाचे क्रँकही मोडत. यावर उपाय शोधणाऱ्यांत इंग्लंडचे हेन्री रॉइस आणि फ्रेडरिक लँचेस्टर हे आघाडीवर होते. लँचेस्टरने १९१० च्या सुमारास क्रँकच्या टोकावर बसणारा कंप शोषणारा भाग काढला. आजच्या बहुतेक गाड्यांची पुली ही नुसती पुली नसते. आतला गाभा आणि बाहेरचे जड कडे यांच्यामध्ये रबर असते, आणि ते हा कंप गिळते. एवढे सगळे नाकावर धरून ठेवायचे म्हणजे बोल्टला केवढे काम!

पुली नाकावर सरकू नये म्हणून एक छोटी चावी खाचेत बसवलेली असते. अनेकांना वाटते की सगळा भार ही चावीच पेलते. तसे नाही. चावीचे काम पुली नेमक्या जागी बसवण्याचे आहे. भार पेलते ती दाबाची पकड. बोल्ट आवळला की तो स्प्रिंगसारखा किंचित ताणला जातो आणि त्या ताणाने पुलीला नाकावर दाबून धरतो. १४ मिलिमीटर जाडीचा बोल्ट २०० न्यूटन-मीटर जोराने आवळला, तर नेहमीच्या हिशेबाने ही पकड सात टनांच्या आसपास जाते. त्यातही गंमत अशी की आवळताना आपण लावलेल्या जोरापैकी साधारण दहावा हिस्साच ताणाच्या कामी येतो. बाकीचा बोल्टच्या डोक्याखाली आणि आट्यांत घर्षणात जातो. उघडताना याच घर्षणाशी गाठ असते. त्यात वर्षानुवर्षांची उष्णता आणि गंज यांची भर पडली की आवळताना लागला त्याहून जास्त जोर सोडवायला लागतो.

आट्यांचाही स्वतंत्र इतिहास आहे. लंडनच्या हेन्री मॉडस्लेने १८०० च्या सुमारास नेमके आटे पाडणारा लेथ सिद्ध केला. त्याच्याच कारखान्यात काम केलेल्या जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचा ५५ अंशांचा नमुना ठरवून दिला. तोवर एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसेलच असे नव्हते. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये ६० अंशांचा नमुना मांडला, आणि आजचे मेट्रिक आटे त्याच कोनाचे आहेत. आमच्या मिस्त्रींच्या तोंडी मात्र अजून ‘सूत’ आहे. एका इंचाचे आठ सूत, अर्ध्या इंचाचा बोल्ट तो चार सुती. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली, जपानी गाड्यांबरोबर मिलिमीटरचे पाने आले, पण जुन्या गॅरेजात दोन्ही सेट शेजारी शेजारी नांदतात. इंची पाना मिलिमीटरच्या बोल्टला ‘जवळपास’ बसतो, आणि या जवळपासनेच बोल्टचे कोने गोल होतात.

आता उघडण्याच्या तऱ्हा. यात प्रत्येक पिढीची समज दिसते. सर्वांत जुना उपाय पाईपचा. दोनशे न्यूटन-मीटर जोर लावायचा तर अर्ध्या मीटरच्या दांड्यावर चाळीस किलोचा भार द्यावा लागतो, एक मीटरच्या दांड्यावर वीस किलो पुरतात. तराफ काढावी तसा दगड हलतो हे आपल्या पूर्वजांनाही ठाऊक होते. पण इथे अडचण जोराची नसतेच. बोल्टवर जोर दिला की अख्खा क्रँकशाफ्टच फिरू लागतो. म्हणजे प्रश्न दुसरी बाजू कोणी धरायची, हा आहे. या बोल्टपुढे थकलेल्या दहा माणसांपैकी आठ जण दुसरी बाजू नीट न धरल्यामुळे थकलेले असतात, असे जुने मिस्त्री सांगतात.

म्हणून गाडी वरच्या गियरमध्ये टाकून एकाने ब्रेक दाबून बसायचे आणि दुसऱ्याने पाईप ओढायचा, ही पद्धत आली. वरच्या गियरमध्ये इंजिनाचा जोर चाकापर्यंत कमी पटीने पोहोचतो, त्यामुळे ब्रेकला तो थोपवणे सोपे जाते. दुसरी युक्ती सुती दोरीची. स्पार्क प्लग काढून त्या भोकातून दोरी आत सोडायची, म्हणजे दट्ट्या वर येताना दोरीवर अडतो. दोरी मऊ, त्यामुळे आत कशाला इजा नाही. तिसरी युक्ती स्टार्टरची. गोटी आणि लांब टॉमी बोल्टवर चढवून टॉमी जमिनीला किंवा चासीला टेकवायची आणि स्टार्टरला क्षणभर वीज द्यायची. क्रँक फिरतो, बोल्ट अडकून राहतो आणि सुटतो. ज्या स्टार्टरने हँडलची सुट्टी केली, त्यालाच हँडलच्या जागी जुंपण्याचा हा प्रकार! पण टॉमी निसटली तर ती हँडलपेक्षा जोरात लाथ मारते, म्हणून समजदार मिस्त्री या वाटेला जात नाहीत.

शिवाय ही युक्ती प्रत्येक गाडीला लागू नाही. होंडाची कित्येक जुनी इंजिने पुलीच्या बाजूने पाहता घड्याळाच्या उलट फिरतात. आपल्याकडे १९९८ साली आलेल्या पहिल्या होंडा सिटीचे इंजिनही त्याच घराण्यातले. अशा गाडीत स्टार्टर दिला तर बोल्ट आणखी आवळला जातो. कंपनीने म्हणून पुलीच्या मधोमध मोठा सहा कोनी खळगा ठेवला. त्यात पुली धरणारे खास हत्यार बसवायचे आणि मधून बोल्टला गोटी लावायची. दोन्ही बाजू हातात आल्या की तोच बोल्ट एका कडक आवाजासरशी सुटतो. आज हवेवर किंवा बॅटरीवर चालणारी इम्पॅक्ट गन हेच काम वेगळ्या रीतीने करते. ती सलग जोर न देता झटपट ठोके देते. ठोका इतका क्षणिक असतो की जड क्रँकशाफ्ट हलण्याआधीच बोल्ट हलतो. दुसरी बाजू धरायला क्रँकचे स्वतःचे वजनच पुरते.

तेल ओतणे किंवा गॅसची ज्योत लावणे हे उपाय इथे जपूनच करावे लागतात. बोल्ट आंधळ्या भोकात बसलेला असतो, त्यामुळे वरून सोडलेले तेल डोक्याखालीच राहते, आट्यांपर्यंत क्वचित पोहोचते. ज्योत लावली तर पुलीतले रबर आणि आतले सील आधी जळते. पुली काढताना तिच्या बाहेरच्या कड्याला पुलर लावला तरी तेच, रबर फाटते. धरायचे ते आतल्या गाभ्याला.

आणि बोल्ट सुटला म्हणजे काम संपले असे नाही. उलट खरी जोखीम परत बसवण्यात आहे. माझदा कंपनीच्या १९८९ सालच्या एमएक्स-५ या दोन माणसांच्या गाडीत सुरुवातीच्या इंजिनांचे क्रँकचे नाक आखूड होते. बोल्ट पुरेसा आवळला गेला नाही की पुली सूक्ष्म हलू लागे, चावीची खाच रुंदावे आणि अखेर क्रँकशाफ्टच निकामी होई. कंपनीने १९९१ मध्ये नाकाची रचना बदलून ते भक्कम केले. शंभर ग्रॅमच्या बोल्टपायी अख्खे इंजिन खोलण्याची पाळी येते ती अशी. म्हणूनच हा बोल्ट अंदाजाने आवळायचा नसतो. ठरलेला जोर दाखवणाऱ्या टॉर्क पान्याने आवळायचा, जिथे कंपनीने नवा बोल्ट घालायला सांगितले असेल तिथे जुना घालायचा नाही, आणि डोक्याखालची बैठक स्वच्छ करूनच घालायचा. जो बोल्ट सोडवताना घाम फुटला, तो नीट आवळलेला होता. आपल्या आधीच्या मिस्त्रीने काम चोख केले होते, याची ती पावती समजावी.

हे सारे आज लिहून ठेवण्याचे कारण आमच्या गावापुरते तरी मोठे आहे. बेळगावच्या फाउंड्र्या आणि क्रँकशाफ्टचे मशीनिंग यांवर कित्येक मराठी-कानडी घरे उभी राहिली. बाहेरगावच्या इंजिनांत फिरणारे क्रँक इथल्या हातांनी घासले, तपासले. विजेवर चालणाऱ्या मोटारीत मात्र क्रँकशाफ्ट नाही, नाक नाही, पुलीही नाही आणि तिचा बोल्टही नाही. तशा गाड्या आता आपल्या गल्लीत उभ्या दिसतात. हा बदल किती वर्षांत पुरा होईल हे काळ ठरवील. पण तोवर ज्यांनी हँडल मारले, दोरी घातली, पाईप ओढला, ती पिढी आपल्यात आहे. सूत, गोटी, नाक, टॉमी हे शब्द त्यांच्या तोंडी आहेत, पुस्तकांत फारसे नाहीत.

गणपतीच्या दहा दिवसांत मंडपात सगळी जमतात. आरती झाल्यावर आपल्या आळीतल्या जुन्या मिस्त्रीपाशी, लेथवर आयुष्य काढलेल्या काकांपाशी, एखाद्या तरुणाने वही घेऊन बसावे आणि कुठला बोल्ट कसा सोडवला ते विचारावे. पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत त्यासाठी पाने राखून ठेवायला आम्हांला आनंद वाटेल.